तुरुंगातले अशासकीय अभ्यागत आणि अभ्यागत मंडळ: गोव्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

म्हापशाच्या वाचनालयात असो की काणकोणच्या महिला मंडळात, तुरुंगातल्या कामाबद्दल बोलायला उभी राहिले की हात वर होतात आणि साधारण तेच प्रश्न येतात. प्रत्येक वेळी घाईत उत्तरं देऊन मन भरत नाही, म्हणून इथे ती सवडीने लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

अभ्यागत मंडळ म्हणजे नेमकं काय?

तुरुंगाची पाहणी करायला बाहेरून येणाऱ्या लोकांचं मंडळ. त्यात काही सरकारी अधिकारी असतात आणि काही तुमच्या-माझ्यासारखे नागरिक. नागरिकांना ‘अशासकीय अभ्यागत’ म्हणतात. तुरुंगात जाऊन बरॅकी, स्वयंपाकघर, दवाखाना, न्हाणीघरं बघायची, कैद्यांचं ऐकायचं, जे दिसलं ते अभ्यागत पुस्तकात लिहायचं आणि लिहिलेल्याचा पाठपुरावा करायचा, हे त्यांचं काम. तुरुंग चालवणं हे काम त्यांचं नव्हे. अधीक्षकाला हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नसतो. सल्ला देता येतो, शेरा लिहिता येतो, आणि तो शेरा वरपर्यंत जातो.

मंडळावर कोण कोण असतं?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीत यादी दिली आहे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश. सरकारी बाजूने जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण, बांधकाम अशा खात्यांचे जिल्ह्यातले अधिकारी. अशासकीय बाजूने तीन आमदार, त्यांत निदान एक महिला. राज्य मानवी हक्क आयोगाचा एक प्रतिनिधी. आणि दोन समाजसेवक, त्यांतही एक महिला.

माझ्या मते सगळा भार या शेवटच्या दोन जागांवर पडतो. न्यायाधीशांकडे खटल्यांचे ढीग असतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या मागे शंभर कामं, आमदारांना मतदारसंघ. महिन्यामागून महिना नेमाने फाटकाशी येऊन उभं राहू शकेल असा माणूस म्हणजे तो समाजसेवक. म्हणून त्या जागी कुणाची तरी ओळख किंवा शिफारस लावून नाव घुसवलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. ती जागा मानाची नाही, पायपिटीची आहे.

याला कायद्याचा आधार आहे की नुसती प्रथा?

आधार आहे, आणि जुना आहे. १८९४च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ५९मध्ये राज्य सरकारला नियम करण्याचे जे अधिकार दिले आहेत, त्यांत तुरुंगाच्या अभ्यागतांची नेमणूक आणि त्यांना मार्गदर्शन हा विषय नावानिशी आहे. तुरुंग हा घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचा विषय, त्यामुळे गोव्यात गोव्याचे कारागृह नियम चालतात. २०१६ची आदर्श नियमावली ही राज्यांसाठी नमुना आहे.

मात्र सर्वोच्च न्यायालयाने यात मोठा फरक केला. देशातल्या १,३८२ तुरुंगांमधल्या अमानुष स्थितीबद्दल निवृत्त सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी जून २०१३मध्ये न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली. तिच्यात १५ सप्टेंबर २०१७ला न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की आदर्श नियमावलीप्रमाणे अभ्यागत मंडळं नेमा, त्यांत समाजातले अशासकीय अभ्यागत घ्या, आणि हे ३० नोव्हेंबर २०१७पर्यंत पुरं करा. तेव्हा ‘मंडळ असलं तर असलं, नसलं तर नसलं’ असं आता कुणाला म्हणता येत नाही.

न्यायाधीश आहेत, मानवी हक्क आयोग आहे. मग साध्या माणसाची गरज काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

आग्वादचा किल्ला आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगिजांनी तो १६१२ साली बांधला, पुढे त्यात तुरुंग झाला आणि गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारी माणसं तिथे डांबली गेली. २०१५मध्ये कैदी तिथून कोलवाळच्या नव्या मध्यवर्ती तुरुंगात हलवले, आणि १९ डिसेंबर २०२१ला आग्वादचा तो तुरुंग संग्रहालय म्हणून खुला झाला. आता तिथे शाळांच्या सहली जातात, मुलं कोठडीच्या दाराशी फोटो काढतात. त्या काळी आत काय चाललं आहे ते कळायला बाहेरच्या माणसाला वाट नव्हती. मराठी शिकवायला गोव्यात आलेले मोहन रानडे १९५५मध्ये पकडले गेले. गोवा १९६१मध्ये मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९मध्ये. ज्या देशासाठी ते आत गेले तो मोकळा झाल्यावरही सात वर्षं. बाहेरच्या माणसांनी त्यांचं नाव सतत घेतलं नसतं तर आणखी किती वर्षं गेली असती, कोण सांगणार?

पण ती परकी राजवट होती, आताचं वेगळं, असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं देते. तिहारमध्ये सुनील बात्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या कैद्याचा वॉर्डरने पैशासाठी भयंकर छळ केला, हे त्याला कळलं. त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं, आणि २० डिसेंबर १९७९ला निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या या निकालात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला सांगितलं, जिल्हा न्यायाधीशांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात असंही सांगितलं. तिहार राजधानीत आहे, सर्वोच्च न्यायालयही त्याच शहरात आहे. तरी बातमी बाहेर यायला फासावर जाणाऱ्या माणसाला पत्र लिहावं लागलं.

आयोग बहुधा तक्रार आल्यावर हलतो, न्यायालय बहुधा याचिका आल्यावर. तक्रार करण्याचं बळच ज्याच्यात उरलेलं नाही त्याच्यापर्यंत जायला कुणीतरी स्वतःहून, बोलावणं नसताना, पुन्हा पुन्हा आत जायला हवं. अभ्यागत त्यासाठीच असतो.

पण आतली माणसं गुन्हेगार आहेत. त्यांच्यासाठी एवढी धडपड कशाला?

आतले बहुतेक जण अजून गुन्हेगार ठरलेलेच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला चालू आहे किंवा सुरूच व्हायचा आहे असे. शंभरात पंचाहत्तरांहून जास्त. ते उद्या निर्दोष सुटू शकतात, आणि कित्येक सुटतातही.

आणि पक्का कैदी असला तरी न्यायालयाने त्याला दिलेली शिक्षा म्हणजे ठरावीक वर्षं बाहेर न जाणं. तुंबलेला संडास, तीन आठवडे न मिळालेलं औषध, वॉर्डरची थप्पड, यांतलं काहीही निकालपत्रात लिहिलेलं नसतं. ज्यांच्या घरावर गुन्हा घडला आहे अशा लोकांनीही मला हे विचारलं आहे, आणि त्यांचा राग मी कधी खोडून काढत नाही. एवढंच सांगते की त्यांना न्याय मिळायला तो माणूस आत आजारी पडून मरायला नको, खटला पुरा व्हायला हवा.

भेटीत बघायचं काय?

नवीन अभ्यागताला फुलांची कुंडी, रंगवलेली भिंत आणि योगवर्गाचा फलक दाखवला जातो. तेही बघावं, चांगलं असेल तर चांगलं म्हणावं. पण तेवढ्यावर परत फिरू नये.

पाण्यापासून सुरुवात करावी. नळ कधी येतो, साठवायला काय आहे, आणि रात्री लॉकअप झाल्यावर बरॅकीत प्यायला काय असतं? एप्रिल-मे महिन्यात हा प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारावा लागतो. पावसाळ्यात छत गळतं का, आंथरुणं सुकतात कुठे, हे बघावं. कोकणातल्या पावसाची ओल काय करते हे आपल्याला सांगायला नको; साठ माणसांच्या बरॅकीत तीच ओल खरूज होऊन बसते. एखाद्याचा हात खाजवताना दिसला की बाकीच्यांच्या बोटांच्या बेचक्यांत बघा, लगेच कळेल.

स्वयंपाकघरात डाळीचं भांडं ढवळून बघा. मी कागदावरचं वजन विचारत बसत नाही, पळी तळापर्यंत घालते.

दवाखान्यात वह्या बघा. कारागृह अधिनियमाच्या कलम ३७प्रमाणे जो कैदी डॉक्टरला भेटू मागतो त्याचं नाव लगेच वर कळवायचं असतं. कलम ३८प्रमाणे डॉक्टरने दिलेली सूचना आणि तिच्यावर काय केलं, तारखेसह लिहायचं असतं. या दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की कुठे अडलं ते दिसतं. गोव्यात अनेकदा अडतं ते रुग्णाला गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेण्यावर. बांबोळीला न्यायचं म्हणजे पोलिसांचा एस्कॉर्ट हवा, आणि एस्कॉर्टची माणसं नेमकी त्याच दिवशी बंदोबस्तावर असली की तारीख चुकते. डॉक्टरने लिहून दिलं होतं, अधीक्षकाने पत्र पाठवलं होतं, दोष कुणा एकाचा नसतो. पण डोळ्याचं ऑपरेशन राहून जातं. अशा गोष्टी मंडळात मांडायच्या, कारण तिथे पोलीस अधीक्षक आणि आरोग्य अधिकारी एकाच टेबलाशी बसलेले असतात.

शिक्षा-वहीही मागून घ्यावी. तुरुंगातल्या नियमभंगाबद्दल दिलेली प्रत्येक शिक्षा तिथे नोंदवायची असते. वहीत कुणाचं एकच नाव वारंवार येत असेल तर त्या माणसाला भेटावं.

एक प्रसंग सांगते, कुठल्या तुरुंगातला ते सांगत नाही. एक म्हातारे कच्चे कैदी वर्तमानपत्र हातभर लांब धरून बसले होते. चष्म्याची एक काच गेलेली, दांडीच्या जागी सुतळी. विचारलं तर म्हणाले, ‘बाई, वाचत नाही मी, फोटो बघतो.’ चष्मा मागून चार महिने झाले होते. अर्ज दिलेला होता, तो एका फाइलीत नीट लावलेलाही होता. कुणी क्रूर नव्हतं. फक्त त्या फाइलीकडे पुन्हा बघणारं कुणी नव्हतं. आणि आरोपपत्राची प्रत त्यांच्या उशाखाली तशीच घडी घातलेली होती, चार महिने न वाचलेली.

कैद्यांशी बोलताना अधिकारी शेजारी उभा असला तर?

असला तर कैदी ‘सगळं बरं आहे’ म्हणणार. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत बाहेरच्या पाहणीकर्त्यांना कैद्यांशी खासगीत, पूर्ण गोपनीयतेने बोलता यावं असं म्हटलं आहे. तुरुंगात सुरक्षा बघावी लागते हे मान्य. म्हणून अधिकाऱ्याला नम्रपणे सांगावं, ‘तुम्ही दिसेल एवढ्या अंतरावर थांबा, ऐकू येणार नाही असं बघा.’ बहुतेक अधिकारी ऐकतात.

अजून एक. फक्त जे पुढे येतात त्यांच्याशीच बोलू नका. बरॅकीत पुढे येणारा बहुधा तिथला दादा असतो. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेल्याकडे जा. आणि ज्याने काही सांगितलं त्याचं नाव तिथल्या तिथे सगळ्यांसमोर लिहून घेऊ नका, तुम्ही गेल्यावर रात्र त्याला तिथेच काढायची असते. चार-पाच जणांशी सारखाच वेळ बोललं की कुणी काय सांगितलं ते ओळखू येत नाही.

भाषेची अडचण येते का?

येते. कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड एवढ्यावर बरंचसं निभावतं. परदेशी कैद्यांशी बोलताना खरी पंचाईत होते, आणि अमली पदार्थांच्या खटल्यांमुळे असे कैदी गोव्यात बरेच असतात. त्यांना घरची मुलाकत नसते, वकील परवडत नाही. त्यांच्यासाठी दुभाषा मागण्याचा शेरा जरूर लिहावा.

लेखी अर्जाबाबत एक लक्षात ठेवा: १९८७च्या राजभाषा कायद्याप्रमाणे गोव्याची राजभाषा कोकणी आहे आणि शासकीय कामासाठी मराठीही वापरता येते. मराठीत अर्ज लिहायला संकोच करू नका, इंग्रजी येत नाही म्हणून तक्रार राहिली असं होऊ नये.

अभ्यागत पुस्तकात काय लिहायचं?

आमच्या हातात खरं बळ आहे ते याच पुस्तकाचं. आदर्श नियमावलीप्रमाणे अभ्यागताने लिहिलेला शेरा अधीक्षकाने आपल्या म्हणण्यासह कारागृह महानिरीक्षकांकडे पाठवायचा असतो. तोंडी सांगितलेलं फाटकाबाहेर येईपर्यंत विरून जातं.

एका तुरुंगातलं जुनं पुस्तक मी चाळलं होतं. पानामागून पान: ‘आज पाहणी केली. सर्व ठीक. कर्मचारी वृंदाचं सहकार्य लाभलं.’ खाली झोकदार सही. असे अकरा शेरे ओळीने होते, अक्षरं वेगवेगळी, मजकूर तोच. बाराव्याला एका निवृत्त परिचारिकेने लिहिलं होतं: ‘महिला विभागातल्या डावीकडच्या न्हाणीघराची कडी तुटलेली आहे. दार लागत नाही. एक बाई आंघोळ करते तेव्हा दुसरी बाहेर साडी धरून उभी राहते. कडी कधी बसेल?’ पुढच्या पानावर कार्यालयाची नोंद, नऊ दिवसांनंतरच्या तारखेची: कडी बसवली. आधीचे अकराही जण त्याच दारासमोरून गेले असणार.

तेव्हा लिहिताना जागा लिहा, वस्तू लिहा, आकडा लिहा, आणि शेवटी प्रश्न ठेवा. ‘स्वच्छतेकडे लक्ष द्यावे’ याला उत्तर नसतं. ‘बरॅक क्रमांक तीनमध्ये पाच संडासांपैकी दोन बंद आहेत, दुरुस्ती कधी?’ याला तारीख द्यावीच लागते. चांगलं दिसलं तर तेही याच बारकाईने लिहा. एखादा वॉर्डर निरक्षर कैद्यांना पत्रं लिहून देत असेल तर तेही पुस्तकात यायला हवं, त्याच्या वरिष्ठांच्या नजरेला पडायला हवं. कैद्याचं नाव मात्र लिहिताना दहादा विचार करा. शक्यतो लिहू नका, अधीक्षकांना किंवा मंडळाच्या अध्यक्षांना वेगळ्या बंद पाकिटात द्या.

आणि लिहिलेल्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. साधी शंभर पानी वही पुरते.

शेरा लिहिला. पुढे काहीच झालं नाही तर?

पुढच्या भेटीत मागचं पान उघडून तोच शेरा पुन्हा लिहा, ‘अमुक तारखेला लिहिलं होतं, स्थिती तीच’ असं म्हणून. मंडळाने निदान तीन महिन्यांतून एकदा एकत्र पाहणी करावी अशी अपेक्षा आहे. तिथे तो विषय मांडा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात हे विसरू नका. बैठकच होत नसेल तर त्यांनाच पत्र लिहा. तरीही हललं नाही तर राज्य मानवी हक्क आयोग आहे, मोफत कायदेशीर मदत देणारं राज्य विधी सेवा प्राधिकरण आहे, पर्वरीला उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आहे.

कैद्याची जात बघून आत कामं वाटतात, हे खरं का?

देशातल्या अनेक राज्यांच्या जुन्या नियमावल्यांत तसं चक्क लिहिलेलं होतं: झाडूकाम कुणी करायचं, स्वयंपाक कुणी. सुकन्या शांता या पत्रकाराने ते उजेडात आणलं, याचिका केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ला अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितलं. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, जातिभेद अजून चालू आहे का हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून, नियमित पाहणी करून बघायचं, असा थेट आदेश दिला.

म्हणजे आता हे बघणं आपल्या मर्जीवर नाही. सफाईच्या टोळीत कोण आहेत, रांधणारे कोण, हे विचारायचं. आडनावं ऐकली की आपल्या समाजात वाढलेल्या माणसाला पुष्कळसं कळतं.

महिला विभागात वेगळं काय बघायचं?

सॅनिटरी पॅड मागावे लागतात की न मागता मिळतात, हे आधी. प्रसूती आणि स्त्रीरोगाची तपासणी कधी होते. आईबरोबर मूल आत आहे का. आर. डी. उपाध्याय खटल्यात २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, आणि त्याला दूध, लसी, पाळणाघर, खेळ हे सगळं मिळायला हवं. ते मूल कैदी नाही. त्याला चवथीचा गणपती, बैल, समुद्र दिसलाय का कधी, हे मी आवर्जून विचारते.

स्त्री कैद्यांना भेटायला घरचे कमी येतात. पुरुषासाठी आई-बायको डबा घेऊन रांगेत उभ्या असतात. बाई आत गेली की बऱ्याचदा माहेर आणि सासर दोन्हीकडची दारं लागतात. म्हणून महिला अभ्यागताने तिथे नुसतं बसून दोन शब्द बोलणं यालाही मोल आहे.

खटला, जामीन यांत अभ्यागत काही करू शकतो का?

खटल्याच्या बऱ्या-वाईटात पडायचं नाही, वकिली करायची नाही. पण अडलेलं काम ओळखून योग्य दारापर्यंत पोचवता येतं, आणि याने माणूस घरी जातो.

जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पाठ करून ठेवा. गुन्ह्याला जी जास्तीत जास्त शिक्षा आहे तिच्या निम्मा काळ कच्च्या कैद्याने आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं. आधी कधी दोषी ठरलेला नसेल तर एक-तृतीयांश काळ पुरे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असले तरी अडचण येते. मुदत भरली की न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. जुन्या खटल्यांनाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा भेटीत विचारायचा प्रश्न सोपा आहे: ‘४७९मध्ये बसणाऱ्यांची यादी शेवटची कधी केली?’

दुसरं, जामीन मिळाला पण जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा जानेवारी २०२३चा आदेश आहे. झारखंडहून किंवा ओडिशाहून इथे कामाला आलेल्या पोराला जामीनदार कुठून मिळणार? अशांची नावं मिळवून प्राधिकरणाकडे द्यावीत.

आणि तुरुंगातल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. १५१०० हा मदतीचा क्रमांक नातेवाइकांना लिहून द्या.

काय करू नये?

आत काही नेऊ नये, बाहेर काही आणू नये. चिठ्ठी नाही, बिडी नाही, ‘फक्त हा नंबर आईला द्या’ हेसुद्धा नाही. नियमाबाहेर वस्तू नेणं किंवा नियमाबाहेर निरोपांची देवाणघेवाण करणं हा कारागृह अधिनियमाच्या कलम ४२प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मन पिळवटतं, तरी नाही म्हणायचं आणि तोच निरोप अधिकृत वाटेने कसा जाईल ते बघायचं. फोटो काढू नये. गुन्हा काय केलास असं विचारू नये. सुटकेचं आश्वासन तर कधीच देऊ नये. आपण घरी येऊन विसरतो, तो दिवस मोजत बसतो.

तुरुंगाचे कर्मचारी आपल्याला शत्रू समजतात का?

सुरुवातीला सावध असतात, ते साहजिक आहे. पण लांबलचक ड्यूटी, अपुरी माणसं, सणाला सुट्टी नाही, ही त्यांचीही कहाणी आहे. वॉर्डर थकला की त्याचा हात कैद्यावर उठतो. म्हणून रिकाम्या पदांबद्दल, त्यांच्या विश्रांतीच्या खोलीबद्दलही शेरा लिहावा. मी हे केल्यावर एका हेडवॉर्डरने पुढच्या भेटीत स्वतःहून एक बंद खोली उघडून दाखवली होती.

मानधन मिळतं का?

उपजीविका होईल असं काही नाही. स्वयंसेवेचं काम आहे.

बाहेरच्या देशांत असं काही आहे का?

आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक तुरुंगासाठी स्वयंसेवी नागरिकांचं स्वतंत्र देखरेख मंडळ असतं. कॅनडात १९६०च्या दशकापासून नागरिक सल्लागार समित्या आहेत, आणि त्यांची कामं तीन शब्दांत सांगतात: निरीक्षण, दुवा, सल्ला. यातला दुवा आपल्याकडे फार दुबळा आहे. तिथली समिती तुरुंगाच्या आजूबाजूच्या वस्तीशीही बोलते, सुटलेल्याला काम कोण देईल ते बघते. आपल्याकडे तुरुंगात सुतारकाम शिकून बाहेर आलेल्याला गावात कुणी उभं करत नाही. सुटल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत तो परत आत येणार की नाही हे ठरतं.

मला अशासकीय अभ्यागत व्हायचं आहे. काय करू?

नेमणूक सरकार करतं, ठरावीक मुदतीसाठी. राज्याच्या गृह खात्याकडे आणि कारागृह महानिरीक्षकांकडे अर्ज करा. तुम्ही काय काम केलं आहे, आठवड्यातला किती वेळ देऊ शकता, हे स्पष्ट लिहा. परिचारिका, शिक्षक, समुपदेशक, निवृत्त बँक कर्मचारी, ज्याला वह्या वाचता येतात असा कुणीही उपयोगी पडतो. कोलवाळ राष्ट्रीय महामार्गावर, म्हापशाहून जवळ आहे. बार्देश, पेडणे, डिचोलीच्या लोकांना तर सहज जमण्यासारखं.

नेमणूक होईपर्यंत रिकामं बसायचं कारण नाही. मंडळावर आज कोण आहेत, गेल्या वर्षात बैठका किती झाल्या, इतिवृत्तं कुठे आहेत, हे दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्धविधी स्वयंसेवक (पॅरालीगल व्हॉलंटियर) म्हणून नाव नोंदवा. अधीक्षकांची परवानगी घेऊन साक्षरतेचा वर्ग घ्या, मराठी-कोकणी पुस्तकं द्या.

माझा मुलगा आत आहे. मंडळापर्यंत कसं पोचू?

काणकोणहून एक आई आली होती. पहाटेची कदंब बस धरून मडगाव, तिथून पणजी, तिथून म्हापसा, तिथून पुढे कोलवाळ. मुलाकतीची वेळ गाठायला अख्खा गोवा ओलांडायचा. मुलाला फिट येतात आणि गोळ्या बंद झाल्या आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं, आणि कुणाला सांगायचं ते ठाऊक नव्हतं.

अर्ज साध्या कागदावर लिहा. वर ‘मा. अध्यक्ष, अभ्यागत मंडळ, द्वारा जिल्हा न्यायाधीश’ असं घाला, एक प्रत तुरुंग अधीक्षकांना, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. मुलाचं पूर्ण नाव, खटल्याचा क्रमांक, न्यायालय, कधीपासून आत आहे. मग त्रास काय ते दोन-तीन वाक्यांत. औषधाचा प्रश्न असेल तर जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा, गोळीचं नाव आणि किती वेळा घ्यायची ते अर्जातही लिहा, कारण झेरॉक्स पुसट येते. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज टपालाने रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्या आईचा अर्ज आम्ही म्हापशाच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीच्या बाकावर बसून लिहिला. गोळीचं नाव तिला म्हणता येत नव्हतं. तिने पदराच्या गाठीतून रिकामी पट्टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.